अंगठा राहिला

“अंगठा ऱ्हायला!”

माझ्या लग्नाच्या दिवशी सनईच्या आधी माझ्या कानावर पडला तो हा आवाज. मी आतल्या खोलीत शालू नेसून, हातभर हिरवा चुडा भरून, नाकात नथ आणि नथीवर मास्क अशा थाटात बसले होते. नथ आतून टोचत होती, मास्क बाहेरून दाबत होता आणि मला मात्र उगाचच हसू येत होतं. मी खिडकीशी गेले.

फाटकाजवळ पाण्याचं मोठं पिंप मांडलं होतं. त्याला पुढच्या बाजूला, जवळजवळ, दोन नळ. दोन पायमोज्यांत साबणाच्या वड्या घालून ते नळांजवळ टांगलेले. नळांच्या मधोमध, दोरीवर चिमट्यांनी अडकवलेलं एक पांढरंशुभ्र धोतर. समोरासमोर हात धुणाऱ्यांनी एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडू नये म्हणून ही गावच्या डॉक्टरांनी सुचवलेली युक्ती. धोतर कमरेपर्यंतच येत होतं, त्यामुळे पलीकडच्याचे फक्त हात दिसायचे. आणि या सगळ्या संस्थानावर, तोंडाला मास्क आणि कमरेला पदर खोचून, माझी बकुळाआत्या उभी होती.

तिच्यापुढे आमच्या सोसायटीचे माजी चेअरमन नानासाहेब ओले हात वर करून उभे होते.

“धुतलं की गं अक्का.”

“हाताला पाणी दाखवलंस. धुतलं न्हाईस. चार बोटं धुतलीस, आन् अंगठा काय पाव्हणा हाय व्हय? पुन्यांदा!”

नानासाहेबांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. ते मुकाट्याने पुन्हा नळाखाली वाकले.

ते करोनाचं दुसरं वर्ष. वैशाखातलं ऊन, लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास, एवढीच परवानगी. आमचे दोन तास बाराला संपत होते आणि मुहूर्त होता अकरा सत्तावीसचा. आमचं गाव तासगावकडचं, द्राक्षांच्या पट्ट्यातलं. एरवी अशा लग्नाला अख्खी पंचक्रोशी जेवून गेली असती. इथे आचारी धरून पंचवीस मोजताना अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नाकी नऊ आले होते.

हे लग्न आधी दोनदा ठरून दोनदा पुढे गेलं होतं. इंद्रजित जहाजावर इंजिनिअर. त्याला तीन दिवसांनी मुंबईला हजर व्हायचं होतं, आणि मग नऊ महिने समुद्र. त्याच्या आईंनी आदल्या आठवड्यात अण्णांना फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, “दोनदा मोडलंय दादा. आता तिसऱ्यांदा मुहूर्त टळला, तर योगच नाही असं आम्ही समजू. तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे.” फोन स्पीकरवर होता. मी भाकरी थापत होते. ती भाकरी त्या दिवशी कुत्र्यानेसुद्धा खाल्ली नाही.

खरं सांगायचं तर मी इंद्रजितच्या पार प्रेमात पडले होते आणि त्याचा चेहरा काही मी अजून समोरासमोर पाहिला नव्हता. पाहण्याचा कार्यक्रम झाला तो अंगणात, खुर्च्या लांब लांब टाकून, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. पोहे डब्यात भरून पाहुण्यांबरोबर पाठवून दिले. फोटो पाहिला होता, पण फोटोत माणूस कधी बोलतो का? व्हिडिओ कॉल लावला की आमच्या गावात चित्र गोठायचं, आणि ते नेमकं त्याचं तोंड अर्धवट उघडं असतानाच गोठायचं. मग आम्ही चित्र सोडून दिलं आणि दहा महिने नुसते बोललो. त्याचा आवाज मला झोपेतही ओळखू आला असता. त्याची हनुवटी कशी आहे ते मात्र ठाऊक नव्हतं.

आता आत्याचं सांगते. बकुळाआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. आमच्या भावकीतल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं तिनेच म्हणायची, असा अलिखित कायदा. आवाज असा खणखणीत की लाऊडस्पीकरवाला तिच्यापुढचा माइक काढून घ्यायचा. माझ्यासाठी तिने नवं मंगलाष्टक रचलं होतं आणि महिनाभर ते गोठ्यात म्हशींना ऐकवून पक्कं केलं होतं. पण डॉक्टरांनी सांगितलं की मांडवात कुणी गळा काढून गायचं नाही, गायचंच तर मास्क लावून. गुरुजी दोन श्लोक हळू म्हणतील, तेवढं पुरे.

“मास्क लावून म्हण की अक्का,” अण्णा म्हणाले.

“तोंडाला मुसकं बांधून? मी काय मळणीचा बैल हाय?”

“मग नको म्हणू.”

“न्हाई म्हणत जा.”

ती दोन दिवस तोंड फुगवून बसली. शेवटी तिला कशात तरी गुंतवावं म्हणून अण्णांनी तिला हात धुवायच्या पिंपावर नेमलं. तिने ते काम असं मनावर घेतलं की अण्णांनाच पश्चात्ताप झाला. डॉक्टरांनी तिला वीस सेकंद सांगितले होते. “आकडे मोजायला मी काय कारखान्याच्या काट्यावर हाय?” म्हणून तिने ते उडवून लावलं आणि स्वतःचं माप काढलं. ती मास्कच्या आत आपलं मंगलाष्टक गुणगुणायची. ते संपेपर्यंत हात चोळायचे.

*कृष्णेच्या जळि लाभली सरलता, द्राक्षास ये गोडवा,*
*तैसा स्नेह सदा सुखात असु दे, दोघांतला वाढवा…*

पहिल्या ओळीत तळवे, दुसरीत बोटांच्या बेचक्या, पुढे नखं आणि मनगटं. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ला नळ बंद. पुढचे ‘शुभमंगल सावधान’ हे शब्द मात्र ती म्हणत नव्हती. माझी मावशी तिला म्हणालीही, “अहो, पुरं तरी करा.” तर आत्या म्हणाली, “ती अक्षरं उगं हात धुवायला न्हाईत. ती निघाली की लगीन लागतंय.”

अकरा वाजले. पंचवीसातले आमचे सगळे लोक हात धुऊन, पुरावा म्हणून कोपरापर्यंत ओले, खुर्च्यांवर बसले. प्रत्येकाच्या हातात कागदाच्या पुडीत अक्षता. वाजंत्री दोघंच, फाटकाशी उभे: एक ताशेवाला आणि सनईवाले रमजानचाचा. चाचांनी मास्कला मधोमध बरोब्बर सनईपुरतं भोक पाडलं होतं. “नियम बी पाळला, कला बी पाळली,” असं ते येईल त्याला दाखवत होते. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि आत्याने डॉक्टरांना तो हात पुन्हा धुवायला लावला.

नवरदेव मात्र आला नव्हता.

सव्वाअकराला माझा धाकटा भाऊ धैर्यशील खिडकीशी आला. “ताई, नाक्यावर अडकलेत. एक पोलीस म्हणतोय पासावरल्या फोटोशी तोंड जुळवायचंय, मास्क खाली घ्या. दुसरा म्हणतोय, मास्क खाली घेतला तर दंड. भावजी मास्क वरखाली करून दमलेत.”

मला हसू आलं. मुहूर्ताला बारा मिनिटं होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ केली. मग ते टिकटिकायला लागलं, आधी कधी ते मला ऐकू आलं नव्हतं.

आणि धुरळा उडाला. गाडी आली. ताशा कडाडला. अण्णा पळत सुटले, गुरुजींनी मांडवातून “चला, चला, चला” सुरू केलं. गुरुजींच्या चष्म्यावर मास्कमुळे वाफ धरलेली, त्यामुळे ते नेमकं कुणाला बोलावताहेत ते कळत नव्हतं. ते समोरच्या केळीच्या खांबाला चला म्हणत होते.

सासूबाई सगळ्यांत पुढे होत्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ, जांभळ्या पैठणीला जांभळाच मास्क. पिंपाशी त्या थांबल्या, न सांगता बाह्या सावरल्या आणि अंगठ्यासकट असे हात धुतले की आत्याला बोलायला जागाच उरली नाही. मग त्या खुर्चीवर जाऊन बसल्या, अक्षतांची पुडी उघडली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मागून मुंडावळ्या बांधलेला इंद्रजित. मुंडावळ्यांचे दोरे आणि मास्कचे दोरे एकात एक गुंतलेले, वर फेटा. तो सरळ मांडवाकडे निघाला.

“जावईबापू, हात.”

“आत्याबाई, मुहूर्त…”

“मुहूर्ताला धुतलेलंच हात लागतात.”

तो नळाशी वाकला. जहाजावरचा माणूस, चपळाईने हात धुतले आणि उभा राहिला.

“अंगठा ऱ्हायला.”

“अक्का!” अण्णा ओरडले. “सात मिनिटं राहिली!”

“मग ओरडू नगंस, त्येला धुवू दे. पुन्यांदा!”

इकडे दिनकरमामा मला न्यायला आले. नवरीला मांडवात मामानेच न्यायचं. मामा घामाघूम झाले होते. दारात आले, नाकावरून घसरलेला मास्क अख्खा तळहात लावून वर सारला, तोंडावरून हात फिरवला आणि त्याच हाताने माझा हात धरला. आम्ही पायऱ्या उतरलो. मांडव दहा पावलांवर. पाट मांडलेले, गुरुजी वाफेतून बघत असलेले.

“दिनकर!”

सगळं अंगण थबकलं.

“तोंडाला लावल्याला हात पोरीच्या हातात? म्यां बघितलंय! दोघंबी इकडं या!”

“अक्का, आता कुठं…”

“जावईबापूच्या आईकडं बघ, नऊ महिनं दर्यावर जाणार पोरगं. त्येला तू तुझा ताप बांधून देणार हाईस? ये म्हणते न्हवं!”

सासूबाईंनी मान वळवून आत्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. अण्णांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि लगेच, आत्याचं लक्ष जाईल म्हणून, खाली घेतले.

मी शालू सावरत फाटकाकडे पळाले. नवरी मांडवाकडून फाटकाकडे पळताना आमच्या गावाने तेवढी एकदाच पाहिली. मामांना आत्याने बाजूच्या बादलीवर पिटाळलं आणि मला रिकाम्या नळावर उभं केलं. मी चुडा वर सरकवला, हात पुढे केले. धोतराच्या पलीकडे, फेस लागलेले दोन मोठे हात होते. एका मनगटावर जहाजात भाजल्याचा लहानसा डाग. त्या डागाची गोष्ट मी फोनवर ऐकली होती.

“ऊर्मी?” धोतर म्हणालं.

“हं.”

“नाक्यावर…”

“कळलं.”

“किती वाजले?”

“विचारू नकोस.”

त्याचे हात चोळायचे थांबले. माझेही थांबले. पाणी नुसतं वाहत होतं. त्याची करंगळी हळूच धोतराखालून अलीकडे आली.

“हात धुवायचेत, धरायचे न्हाईत!” आत्या गरजली. करंगळी परत गेली. धोतर हसायला लागलं, आणि मग मलाही आवरेना. एकीकडे घड्याळ डोक्यात वाजतंय, माझं सगळं आयुष्य त्या दोन-तीन मिनिटांवर टांगलेलं, आणि मी फेसाळ हातांनी उभी राहून खुदखुदत होते.

“अकरा सव्वीस!” मांडवातून गुरुजींचा आवाज आला. त्यांनी घड्याळ नाकाला लावलं असावं. “अहो, वधूवर कुठं आहेत?”

आत्याने सुरू केलं. “कृष्णेच्या जळि लाभली…”

या वेळी ती गुणगुणत नव्हती. मास्कच्या तीन घड्यांतून तो आवाज असा उठला की कौलांवरची कबुतरं उडाली. मी तळवे चोळले, बेचक्या चोळल्या. तिचा मास्क आत-बाहेर होत होता, भात्यासारखा. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ आलं, मी नळाकडे हात नेला, आणि आत्या थांबलीच नाही.

“शुभमंगल… सावधाऽऽन!”

आणि धोतर खाली आलं.

समोर इंद्रजित. फेटा, मुंडावळ्या, मास्क आणि मधे दोन चकित डोळे.

आमच्याकडे माणसाला ‘सावधान’ ऐकल्यावर विचार करता येत नाही. हात आपोआप उडतो. पहिल्या अक्षता माझ्यापासून हातभर अंतरावर पडल्या, त्यामागून अंगणभर पुड्या फाटल्या आणि सगळी माणसं खुर्च्या फिरवून फाटकाकडे तांदूळ फेकायला लागली. रमजानचाचांनी भोकातून सनई लावली, ताशेवाला तुटून पडला. गुरुजी केळीच्या खांबाला अक्षता टाकत होते. नानासाहेबांनी एक पुडी न उघडताच फेकली, ती मामांच्या बादलीत पडली. कुणीतरी शिट्टी मारली, मास्कमधून ती बाळाच्या शिंकेसारखी आली.

मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं आणि वाजंत्री एकदम थांबली.

“हे… हे काय झालं?” अण्णा म्हणाले.

“वाऱ्यानं धोतर पडलं,” आत्या म्हणाली. “आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं बाई. सवय.”

गुरुजी चाचपडत आले, धोतराच्याच टोकाने चष्मा पुसला आणि घड्याळ पाहिलं. “अकरा सत्तावीस,” ते पुटपुटले. “पण अंतरपाट? पाट? हार?”

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या उभ्या होत्या. त्यांच्या हातातली पुडी रिकामी होती. पहिल्या अक्षता त्यांच्याच होत्या.

त्यांनी रिकाम्या पुडीकडे पाहिलं. मास्कवरचे त्यांचे डोळे बारीक झाले, आणि पैठणीचे खांदे हलायला लागले. मुख्याध्यापिकाबाई हसत होत्या. “अक्षता पडल्या, सनई वाजली, वेळ बरोबर,” त्या म्हणाल्या. “आता काय बाकी आहे? हार इथेच आणा.”

हार पिंपापाशीच घातले. सगळ्यांचे हात ओले होते, डोळेही होते. होम आणि सप्तपदी गुरुजींनी अशी पळवली की आम्ही सात पावलं जवळजवळ धावलो. मग आली कानपिळी. नवऱ्याचा कान पिळायचा मान धैर्यशीलचा आणि त्याने महिनाभर त्याची तयारी केली होती. त्याने हात धुऊन आत्याला अंगठा दाखवला, भावजींचा कान धरला आणि जोर लावून पिळला. मास्कचा बंद तटकन तुटला.

मास्क एका कानावर लोंबत राहिला आणि मी माझ्या नवऱ्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. हनुवटीला खळी होती. समोरचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला होता. तो हसत होता, आणि फोनवर दहा महिने ऐकलेलं ते हसू असं दिसतं होय, एवढंच माझ्या मनात आलं. मी अशी टक लावून पाहत राहिले की मावशीने मला चिमटा काढला.

नेमकी तेव्हाच तालुक्याच्या पथकाची जीप फाटकाशी थांबली.

“नवरदेवाचा मास्क कुठाय?” उतरता उतरता त्या अधिकारी बाईंनी विचारलं.

आत्याने कमरेचा नवा मास्क काढून इंद्रजितच्या हाती दिला आणि बाईंच्या आडवी उभी राहिली. “ह्यो घातला बघा. आन् तुमी आत यायचं तर आधी हात.”

बाईंनी हात धुतले. आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत होतो.

“अंगठा ऱ्हायला,” आत्या म्हणाली.

बाईंनी तो धुतला आणि आमच्या मांडवावर एक शब्द न बोलता, बुंदीचा डबा घेऊन गेल्या.

इंद्रजित नऊ महिन्यांनी आला, परत गेला, परत आला. आता आमची मुलगी तीन वर्षांची आहे. तीही त्याच मंगलाष्टकावर हात धुते, आणि ‘मंगलम्’ला नळ बंद करते. पुढचं म्हणायचं नाही, असं तिला आत्याने बजावलंय.

गेल्या वैशाखात मी माहेरी गेले होते. सकाळी अकराचा सुमार. आत्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती, दोन चिमटे तिच्या ओठांत. अंगणात उन्हाने सगळं चिडीचूप होतं. दोरीवरचं एक कापडसुद्धा हलावं असा वारा नव्हता. मी पाहत राहिले.

“आत्या,” मी म्हटलं, “आपल्या अंगणात वैशाखात अकरा वाजता वारा असतो का गं?”

तिने चिमटे तोंडातून काढले. “चार वरसं लागली व्हय तुला?”

“म्हणजे धोतर तू…”

“दोन चिमटं हुतं. किती येळ लागतोय?”

“पण तू तर मास्क लावून गाणार नव्हतीस.”

“न्हवतेच गाणार.” तिने माझ्या मुलीचा झबला झटकून खांद्यावर टाकला. “पर नळाखाली तुझं हात बघितलं. हासत हुतीस तू, आन् हात नुसतं कापत हुतं. तिथनं पाटापतुर कवा पोचली असतीस गं? मग म्हटलं, बांधलंय मुसकं तर बांधलंय.”

मी तिच्या खांद्यावरचा झबला उगाच सरळ केला.

“एक मातूर चुकलं,” ती दोरीकडे वळत म्हणाली. “अजून जीवाला लागतंय माझ्या.”

“काय?”

“जावईबापूचा अंगठा. ऱ्हायलाच हुता. तसंच लगीन लावून दिलं.”